डेडव्लेमधील एक सकाळ: प्रकाशाचे वेळापत्रक आणि परतीची वाट

नामिबियातील डेडव्ले येथे डिसेंबरमधील एका सकाळी निसर्गदृश्यांचे छायाचित्रण करण्यासाठी गेलेली एक अनुभवी छायाचित्रकार आणि तिचा साथीदार अकराच्या सुमारास आपल्या गाडीपाशी परतले, तेव्हा तिला आधाराशिवाय उभे राहता येत नव्हते. तिचे डोके ठणकत होते, कडक उन्हातही अंगावर शहारे येत होते आणि आपण कॅमेरा कुठे ठेवला हे तिला सांगता येत नव्हते. तो तिच्याच गळ्यात होता. सुदैवाने प्रकरण तेथेच थांबले आणि संध्याकाळपर्यंत ती सावरली. दोघांचे शरीर धडधाकट होते, दोघांनाही डोंगरात चालण्याची सवय होती, त्यांच्याकडे पाणी होते आणि हवामानाचा अंदाजही त्यांनी आदल्या दिवशी पाहिला होता. असे असताना हे कसे घडले, हा या अभ्यासाचा विषय आहे.

या प्रकरणाचे वैशिष्ट्य म्हणजे त्याची नोंद आपोआप झाली आहे. डिजिटल छायाचित्राच्या प्रत्येक फायलीत वेळ, छिद्रमान (लेन्सचे तोंड किती उघडले ते), शटरचा वेग आणि प्रकाशमापनात केलेली दुरुस्ती लिहिलेली असते. त्या सकाळच्या सगळ्या फायली वेळेच्या क्रमाने लावल्या, की एका दमत चाललेल्या शरीराचा आलेखच समोर येतो. दोघांच्या आठवणी काही ठिकाणी एकमेकींशी जुळत नाहीत. अशा ठिकाणी मी फायलींवर विश्वास ठेवला आहे.

आधी जागेविषयी. नामिबच्या वाळूसागराला २०१३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. त्यातील सोसुसव्ले परिसरात त्साउखाब नदी वाळूच्या टेकड्यांत येऊन संपते. डेडव्ले हा याच नदीच्या पुराने कधी काळी तयार झालेला पांढऱ्या चिकणमातीचा सपाट तळ आहे. पुढे हवामान कोरडे झाले, टेकड्यांनी नदीची वाट अडवली आणि तेथील बाभूळकुळातील झाडे मेली. सुमारे सहा-सातशे वर्षांपूर्वी मेलेली ही झाडे हवेत ओलावाच नसल्यामुळे कुजली नाहीत आणि उन्हाने काळी पडून आजही उभी आहेत. तळाच्या डोक्यावर ‘बिग डॅडी’ या नावाने ओळखली जाणारी सुमारे ३२५ मीटर उंचीची टेकडी आहे. पांढरी जमीन, काळी झाडे आणि लोहाच्या ऑक्साइडमुळे तांबूस झालेली वाळू असे तीन रंग इतक्या स्वच्छपणे एकत्र येणारी दुसरी जागा शोधावी लागेल, आणि म्हणूनच जगभरातून लोक तेथे कॅमेरे घेऊन जातात. मात्र राजधानी विंडहूक तेथून तीनशे किलोमीटरहून अधिक दूर आहे आणि त्यातला मोठा भाग खडीचा रस्ता आहे. सकाळी आसपास माणसे दिसतात म्हणून ही जागा दुर्गम वाटत नाही. मदत किती लांब आहे हे माणसे पांगल्यावरच लक्षात येते.

छायाचित्रकाराला दोन चित्रे हवी होती. पहिले ठरलेले होते: तळ अजून सावलीत आहे, झाडे काळ्या आकृत्यांसारखी उभी आहेत आणि मागच्या टेकडीवर मात्र ऊन उतरले आहे. दुसरे तिच्या स्वतःच्या मनातले होते. बिग डॅडीच्या कडेवरून खाली पाहताना पांढऱ्या तळावर झाडांच्या लांब सावल्या पसरलेल्या दिसाव्यात, आणि पुढच्या भागात एकही पाऊल न उमटलेली टेकडीची धार यावी.

पहिल्या चित्राचे वेळापत्रक, हा परिसर ज्या राष्ट्रीय उद्यानात येतो त्याच्या दारापासून सुरू होते. सेस्रिम या प्रवेशद्वाराच्या आतील भागात मुक्काम करणाऱ्यांसाठी आतले दार सूर्योदयाच्या तासभर आधी उघडते. तेथून साठ किलोमीटर डांबरी रस्ता आणि मग चार-पाच किलोमीटर मऊ वाळू आहे. त्या वाळूत शिरण्यापूर्वी चाकांतील हवा कमी करावी लागते, आणि गाडी ठेवल्यावर एक किलोमीटरहून थोडे अधिक पायी जावे लागते. सूर्योदय सहाच्या सुमारास होता. म्हणजे सूर्य उगवताना तळापर्यंत पोहोचणे शक्यच नव्हते. पूर्वेकडील टेकड्यांमुळे तळावर काही काळ जी सावली राहते, तेवढीच उसंत होती. ती दोघे अंधुक उजेडात जवळजवळ धावतच गेली. पहिली फाइल ६ वाजून ३६ मिनिटांची आहे.

त्यापुढच्या चाळीस मिनिटांतले काम देखणे आहे. क्षितिज सरळ आहे आणि प्रत्येक रचनेची तीन-चार रूपे विचारपूर्वक घेतलेली आहेत. ट्रायपॉडचा वापरही जाणत्या हाताचा होता. पायांचे खालचे, बारीक भाग आधी पूर्ण बाहेर काढले, की सांधे जमिनीपासून उंच राहतात आणि वाळूचे कण त्यांत शिरत नाहीत. एरवी जाड भाग आधी उघडण्याची सवय असते, ती येथे मोडावी लागते. पांढरी माती प्रकाशमापकाला फसवते आणि चित्र काळवंडते, म्हणून तिने प्रकाशमापनात एका थांब्याची, म्हणजे दुप्पट प्रकाशाची, वाढ केली होती. ही दुरुस्ती लक्षात ठेवावी, कारण पुढे ती साक्षीदार म्हणून उपयोगी पडते. सव्वासातच्या आसपास ऊन तळावर उतरले. सूर्य तेव्हा क्षितिजापासून सुमारे चौदा अंशांवर होता आणि झाडांच्या सावल्या त्यांच्या उंचीच्या जवळपास चौपट लांब होत्या.

या टप्प्यावर हवा गार होती. पहाटेच्या गारव्यात तहान लागत नाही. घाईत असलेला माणूस तर पाणी पिण्यासाठी थांबतही नाही. दोघांकडे प्रत्येकी दोन लिटर पाणी होते. निघाल्यापासून साडेसातपर्यंत तिने त्यातले जेमतेम चार घोट घेतले होते. तिच्या पाठीवरच्या पिशवीचे वजन अकरा किलोच्या आसपास होते आणि त्यातला पाण्याचा वाटा दोनच किलोंचा होता. बाकीचे वजन लेन्सचे आणि ट्रायपॉडचे होते. छायाचित्रकाराच्या पाठीवर पाणी आणि काच यांच्यात नेहमीच जागेची भांडणे असतात आणि बहुधा काच जिंकते.

साडेसातला दोघे तळाच्या तोंडाशी परत येऊन टेकडीच्या कडेवर चढू लागले. तासाभरात हव्या त्या उंचीवर पोहोचू असा त्यांचा अंदाज होता. वेळेपुरता तो जवळपास बरोबर ठरला, पण त्यात श्रमांचा हिशेब नव्हता. मऊ वाळूत चालण्यासाठी कठीण जमिनीवर चालण्याच्या साधारण दोन ते पावणेतीनपट ऊर्जा लागते. पाय टाकला की वाळू मागे सरकते आणि प्रत्येक पावलाचा काही भाग वाया जातो. खर्च झालेल्या ऊर्जेपैकी स्नायूंच्या प्रत्यक्ष कामी साधारण चौथा हिस्साच येतो आणि उरलेली सगळी शरीरात उष्णता म्हणून साठू लागते. त्यामुळे हवा पंचवीस अंशांची असली, तरी वाळूच्या चढावरचे शरीर आतून तापू लागलेले असते.

त्यातच चित्राच्या अटीने वाट आणखी अवघड केली. वाऱ्याकडची बाजू तुलनेने घट्ट असते आणि कड त्याहून सोयीची, म्हणून शहाणा माणूस कडेकडेने चढतो. परंतु कडेवर पाऊल पडले की ते चित्रात दिसते आणि जोरदार वारा येईपर्यंत पुसले जात नाही. अस्पर्श धार हवी म्हणून तिने मधला एक मोठा टप्पा कड सोडून, कॅमेऱ्याला न दिसणाऱ्या बाजूने पार केला. ही बाजू म्हणजे घसरता उतार. कोरडी वाळू तेथे सुमारे ३२ ते ३४ अंशांवर जेमतेम तोल सांभाळून असते आणि पायाखाली सतत सुटत राहते. साथीदार कडेवरून चालला असता तर त्याच्या पावलांनी चित्र बिघडले असते, म्हणून तोही तिच्या मागे आला. या वळशाला किती वेळ लागला हे फायलींतील मोकळ्या जागेवरून कळते. ७.३१ ते ८.३४ या काळात एकही चित्र नाही.

८.३४ नंतरची चित्रे मी अनेकदा पाहिली आहेत. पहिल्या काहींमध्ये रचना उत्तम आहे, पण सूर्य तीस अंशांच्या वर गेल्याने सावल्या आखडल्या आहेत. ज्या चित्रासाठी ती वर आली होती, ते ती चढत असतानाच विरत गेले होते. मकरवृत्ताच्या इतक्या जवळ डिसेंबरमधला सूर्य तासाला बारा-तेरा अंशांनी वर चढतो. उत्तरेकडील देशांत तासभर रेंगाळणाऱ्या सोनेरी उजेडाची सवय झालेल्या डोळ्यांना हा वेग पचनी पडत नाही. मग ती आणखी वर गेली, कारण वरून कोन बदलेल आणि काहीतरी साधेल असे तिला वाटले. याच सुमारास वारा वाढला. वाऱ्याने उडणारे वाळूचे बहुतेक कण जमिनीलगत, गुडघ्याच्या खालीच उड्या मारत पुढे जातात, आणि उडती वाळू चित्रात यावी म्हणून तिने कॅमेरा नेमका त्याच थरात, जमिनीपासून वीतभर उंचीवर लावला. वाकून, गुडघे टेकून, तोंड वाळूपाशी नेऊन केलेले हे काम दमवणारे तर होतेच, शिवाय जमीन आता अंगावर उष्णता फेकू लागली होती.

लेन्सच्या कड्यावर बसलेली वाळू तिने बोटाने पुसली. चेहऱ्याला लावलेले उन्हापासून संरक्षणाचे मलम त्या बोटांना लागलेले होते. मलम आणि वाळूतील क्वार्ट्झचे कण यांच्या मिश्रणाने फोकसचे कडे करकरू लागले. क्वार्ट्झ काचेपेक्षा कठीण असतो. म्हणून कण आधी फुंकणीने उडवायचे, मग मऊ कुंचल्याने झटकायचे आणि कापड अगदी शेवटी वापरायचे, हा क्रम तिला पाठ होता. तिने तो पाळला नाही, आणि मला ही बाब निष्काळजीपणापेक्षा लक्षण म्हणून अधिक महत्त्वाची वाटते.

फायलींत हे लक्षण आणखी स्पष्ट दिसते. ८.५० नंतर क्षितिज दोन-तीन अंशांनी कलू लागते. एकच रचना काहीही न बदलता वारंवार टिपलेली आहे. आणि खाली पांढऱ्या मातीसाठी केलेली प्रकाशमापनातील ती वाढ तांबूस वाळूवरही तशीच राहिली आहे, ज्यामुळे उजळ भागांतले लाल रंगाचे तपशील कायमचे नाहीसे झाले. कॅमेऱ्याच्या पडद्यावर हे दिसायला हवे होते, परंतु त्या झगझगाटात पडदा काळाच दिसतो. ध्रुवीकरण करणारा चष्मा डोळ्यांवर असेल, तर विशिष्ट कोनातून काहीच दिसत नाही. शरीराच्या वजनाच्या दोन टक्क्यांच्या आसपास पाणी कमी झाले, की कार्यक्षमता घटू लागते. साठ किलोंच्या माणसाच्या बाबतीत हे प्रमाण फक्त सव्वा लिटरच्या जवळपास भरते. तासाला लिटरभर घाम सहज जातो. तो कोरड्या हवेत त्वचेवर येताच उडून जातो, त्यामुळे कपडे भिजत नाहीत आणि घाम येत आहे हेच कळत नाही. तिने नंतर सांगितले, की आपल्याला घाम आलाच नव्हता. तिच्या शर्टावर मात्र मिठाचे पांढरे पट्टे होते.

सव्वानऊनंतर साथीदाराने परतायचे म्हटले. त्या वेळी सूर्य सुमारे ४२ अंशांवर होता आणि झाडांच्या सावल्या त्यांच्या उंचीइतक्याच उरल्या होत्या. छायाचित्रणाच्या दृष्टीने सकाळ संपून बराच वेळ झाला होता. येथे या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा निर्णय झाला, आणि तो घेताना कोणालाच तो महत्त्वाचा वाटला नाही. परतण्याच्या दोन वाटा होत्या. एक आल्या वाटेने, कडेकडेने उतरून थेट गाडीच्या दिशेने जाणारी; ती लांब आणि कंटाळवाणी होती, पण तिच्यावर वारा होता. दुसरी वाट म्हणजे घसरत्या उतारावरून सरळ खाली डेडव्लेच्या तळात. बहुतेक पर्यटक तसेच उतरतात. टाच रोवत, वाळूबरोबर घसरत, दहा-पंधरा मिनिटांत माणूस खाली येतो आणि त्या वेळात त्याला मजाही वाटते. दमलेल्या माणसाला दुसरी वाट म्हणजे सुटका वाटते. त्यांनी ती निवडली.

परंतु हा उतार तळाच्या दूरच्या टोकाशी नेऊन सोडतो. गाडीकडे जाण्यासाठी तेथून सगळा तळ ओलांडावा लागतो, मग तोंडाशी असलेला वाळूचा उंचवटा चढावा लागतो आणि त्यापुढे उरलेले अंतर चालावे लागते. चारही बाजूंनी टेकड्या असल्याने तळात वारा पोहोचत नाही. पांढरी माती ऊन खालून परत फेकते, त्यामुळे टोपीच्या सावलीतली हनुवटी आणि नाकाखालचा भागही भाजून निघतो. सावली म्हणावी तर ती फक्त त्या मेलेल्या झाडांच्या फांद्यांची, आणि त्यांना हात लावण्यास वा टेकण्यास मनाई आहे. भर दुपारी नामिबमधील वाळूचा पृष्ठभाग साठ अंशांच्या पुढे जातो. ते तळात उतरले तेव्हा दुपार झाली नव्हती, पण सूर्य ५० अंशांच्या आसपास पोहोचला होता. म्हणजे दहा मिनिटांच्या सोयीसाठी त्यांनी त्या परिसरातील सर्वांत तापलेली जागा दिवसाच्या तापू लागलेल्या वेळी पत्करली. पहाटे सहज धावून पार केलेले अंतर आता वेगळेच होते.

तळाच्या मध्यावर ती थांबली. तिच्या बाटलीत पाणी नव्हते आणि साथीदाराकडे अर्ध्या लिटरहून कमी उरले होते. यापुढे त्याने जे केले ते बव्हंशी योग्य होते. तिची पिशवी त्याने स्वतः घेतली. ट्रायपॉड तेथेच आडवा ठेवून दिला. तो नंतर दुसऱ्या कोणीतरी गाडीपर्यंत आणून दिला. उरलेल्या पाण्याचे काय करायचे हा प्रश्न मात्र खरोखर कठीण होता. पोटातून शोषले जाणारे पाणी तासाला साधारण लिटरभरच असते, म्हणून झालेली तूट तेथेच भरून निघणार नव्हती. उलट एक लिटर पाणी त्वचेवरून पूर्ण उडून गेले, तर ते सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जाते. कोरड्या हवेत हा परिणाम ताबडतोब मिळतो. त्याने थोडे पाणी तिला पाजले आणि उरलेल्यात एक सुती कापड भिजवून तिच्या मानेवर ठेवले. मला हा निर्णय योग्य वाटतो. मात्र ते कापड टोपीखाली डोक्यावर आणि शर्टाच्या आत छातीवरही फिरवायला हवे होते.

ती शुद्धीवर होती, बोलत होती आणि आधार घेऊन का होईना, स्वतःच्या पायांनी चालत होती, म्हणून हा बहुधा उष्णतेचा थकवा होता, उष्माघात नव्हे. शरीराचे तापमान चाळीस अंशांच्या वर गेले आणि सोबत बुद्धी भ्रमित झाली, की त्याला उष्माघात म्हणतात आणि तेव्हा मिनिटांना किंमत असते. कॅमेरा कुठे आहे हे न आठवणे ही त्या सीमारेषेजवळची खूण होती, आणि साथीदाराला हे नंतर सांगितले तेव्हा तो गप्प बसला. गाडीपाशी जिवंत झाडांची सावली होती आणि गाडीत वीस लिटर पाणी होते. पाय उंच ठेवून तिला झोपवणे, कपडे भिजवून वारा घालणे, मीठ-साखरेचे पाणी थोडे थोडे पाजणे, एवढ्यावर तासाभरात शहारे थांबले. लघवीचा रंग संध्याकाळपर्यंत गडद राहिला.

या प्रकरणात उपकरणांनी शरीरापेक्षा बरी साथ दिली, याची नोंद करायला हवी. बहुतेक कॅमेऱ्यांसाठी शून्य ते चाळीस अंश ही मर्यादा सांगितलेली असते. काळ्या रंगाचा कॅमेरा उन्हात ती केव्हाच ओलांडतो, तरी तिचा कॅमेरा चालत राहिला. फोकसचे कडे मात्र साफ करून घ्यावे लागले. तज्ज्ञांच्या याद्यांमध्ये वाळूपासून लेन्स वाचवण्यावर पानेच्या पाने असतात आणि पाण्याबद्दल एक ओळ असते. त्या प्रमाणाबद्दल माझी तक्रार आहे.

दोघांनी नंतर योजनेचा कागद समोर ठेवून पुन्हा हिशेब केला. त्या कागदावर दार उघडण्याची वेळ होती, चाकांतली हवा काढण्यासाठी दहा मिनिटे धरली होती, सूर्याचे कोन होते. सगळे हिशेब प्रकाशाच्या क्षणापासून मागे मोजलेले होते आणि शेवटची नोंद ‘कडेवर, ८.३०’ अशी होती. त्यानंतर कागद कोरा होता. ज्या वेळी उजेड मऊ असतो त्याच वेळी वाळवंट गारही असते, त्यामुळे छायाचित्रणाचा वेळ शरीराला फारसा जड जात नाही. जड जातात ते त्यानंतरचे तास, जेव्हा चित्र घेऊन झालेले असते, मन सैल पडलेले असते आणि वाट पहाटेपेक्षा दुप्पट महाग झालेली असते. त्या तासांचे पाणी, त्यांची वाट आणि त्यांची घड्याळातील वेळ कोणीच ठरवलेली नव्हती.

नव्या योजनेत जून महिना धरला आहे. तेव्हा तेथे पहाटे तापमान शून्याच्या जवळ असू शकते, बोटे बधिर होतात आणि पूर्वेकडून येणारा वारा वाळू उडवतो, पण त्या महिन्यात भर दुपारचा सूर्यही ४२ अंशांपर्यंतच चढतो. डिसेंबरमध्ये तो तेथे सव्वानऊनंतर लगेच, नेमका साथीदार परतायचे म्हणाला त्या वेळी, पोहोचला होता. सावल्याही अधिक वेळ लांब राहतील. लेन्स एकच न्यायची, पाणी प्रत्येकी चार लिटर, आणि परतण्याची वेळ साथीदाराने आधी ठरवायची व तिने त्यावर वाद घालायचा नाही, एवढे मान्य झाले आहे. उतरण्याच्या वाटेबद्दल मात्र एकमत नाही. जूनमध्ये तळात उतरायला काय हरकत आहे, असे तिचे म्हणणे आहे. त्याला अजूनही कडेनेच यायचे आहे.